बाहेरची भिंत

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने जोत्यापर्यंतच बांधून पाहिले असावे, अशी मला शंका आहे. कारण जोते होईपर्यंत घरात सगळे एकमताने वागत असतात. खरी परीक्षा त्याच्यावर सुरू होते. २०२२ च्या दसऱ्याला बसवकल्याणात आमच्या घराचे जोते बांधून झाले, आणि त्याच संध्याकाळी बाहेरची भिंत कशाची असावी यावरून घरात तीन पक्ष पडले. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहून वारसांच्या वाटण्यांचा निवाडा केला तो याच कल्याणात. पण भिंतीचा निवाडा कसा करावा, हे त्याने कुठे लिहून ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझे माहेर बिदरचे आणि सासर कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदचे. बसवकल्याण या दोन्हींच्या मध्ये. बिदर आणि कलबुर्गी ही दोन्ही शहरे इथून जवळजवळ सारख्याच अंतरावर. लग्नानंतरची सारी वर्षे आम्ही दोघांनी इथल्या शाळांतून शिकवण्यात घालवली, भाड्याच्या घरांत संसार केला, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या चार भिंती बांधायला निघालो. बिदर, कलबुर्गी आणि कल्याण या तिन्ही गावांचा दगड वेगळा. बिदरचा लाल, कलबुर्गीकडचा करडा, कल्याणचा काळा. दगड तीनच असल्यामुळे चूल मांडणे सोपे होते, पण भिंत बांधणे अवघड होऊन बसले.

आमच्याकडची हवा ज्यांनी सोसली नसेल त्यांना हा वाद क्षुल्लक वाटेल. वैशाखात कलबुर्गीचा पारा ४२-४४ अंशांवर जातो. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंच, म्हणून तिथे ऊन थोडे सुसह्य; कल्याणला दोन्हीकडचा वाटा येतो. दुपारी तीन ते सहा या वेळात पश्चिमेची भिंत भाकरीच्या तव्यासारखी तापते आणि तो ताप रात्री निजेच्या वेळी खोलीत उतरतो. मग रोहिणीतला वळीव येतो तो वाऱ्याबरोबर आडवा, नेमका त्याच तापलेल्या भिंतीवर. कधी गारपीटही होते. २०१४ च्या मार्चमध्ये मराठवाड्यापासून आमच्या जिल्ह्यांपर्यंत गारांनी शेते झोडपली ती आम्हांला अजून आठवते. दिवसभर तापायचे आणि एका क्षणात भिजायचे, हे वर्षानुवर्षे सोसायचे काम बाहेरच्या भिंतीचे. आतली माणसे तिच्या भरवशावर जगत असतात.

तरीही आमच्या घरातला खरा प्रश्न उन्हाचा नव्हता. तो माझ्या सासूबाईंचा होता. त्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. भिंतीविषयी कोणी काहीही सुचवले की त्या एकच विचारीत, “रात्री अंगावर येईल का?”

या प्रश्नामागे काय होते ते सांगण्याआधी दोन्ही घराण्यांच्या दगडांची ओळख करून द्यायला हवी.

कोकणातला माणूस ज्याला जांभा किंवा चिरा म्हणतो, तोच बिदरचा लाल दगड. बिदरचे सारे पठार याच दगडाची टोपी घालून बसले आहे. खाली काळा पाषाण आणि वर जांभ्याचा थर. हा दगड मोठा समंजस. खाणीत असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने किंवा करवतीने चौकोनी कापावा. एकदा बाहेर येऊन वारा-ऊन लागले की त्यातला लोहाचा अंश घट्ट होत जातो आणि वर्षागणिक दगड कणखर होतो. सारे पदार्थ हवेत झिजतात. हा हवेत पक्का होतो. त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे असतात. त्या छिद्रांतल्या हवेमुळे उष्णता सावकाश आत शिरते. बिदरच्या किल्ल्याभोवतीचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला आहे. लहानपणी त्या खंदकाच्या काठावर बसून आम्ही भावंडे सीताफळे खात असू. बिया खाली भिरकावायच्या आणि कोणाची बी तळाला पोचते ते पाहायचे, हा आमचा खेळ. त्यामुळे लाल दगड म्हटला की माझे मन निःपक्षपाती राहत नाही, हे मी आरंभीच कबूल करते.

ह्यांचा ओढा अर्थातच शहाबादीकडे. मुंबई-पुण्याच्या जुन्या चाळींत आणि वाड्यांत ज्या फरशीवर पिढ्या रांगल्या, ती ह्यांच्या जिल्ह्याची. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा चुनखडी गाळ थरावर थर बसून दगड झाला आहे. पुस्तकाची पाने सुटावीत तसे त्याचे थर सुटतात. पहार घालून उचलला की सपाट फरशी हाती येते. त्या भागातल्या खेड्यांतून भिंत, कुंपण, ओटा, छप्पर सारे त्याचेच. “एवढा गुणी दगड दुसरा नाही,” हे नेहमी सांगत. “चिरला तर फरशी, भाजला तर चुना, दळून भट्टीत घातला तर सिमेंट!” ते खोटे नव्हते. वाडी-सेडमकडचे सिमेंटचे कारखाने याच दगडावर उभे आहेत, आणि राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, तेही आता सिमेंटसाठीच ओळखले जाते. ह्यांचा बेत असा की भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची उभारावी आणि बाहेरून शहाबादीच्या पातळ पट्ट्या लावाव्यात. मी म्हटले, “स्वयंपाकघरात लिंबाचा रस सांडला तरी तुमच्या शहाबादीच्या तोंडावर डाग पडतो. आणि वैशाखात दुपारी तिच्यावर अनवाणी उभे राहून दाखवा बरे!” त्यावर त्यांनी बहामनी सुलतानांनी आपली पहिली राजधानी कलबुर्गीला केली होती याची आठवण दिली. मीही इतिहासाचीच शिक्षिका. पंधराव्या शतकात ती राजधानी कलबुर्गी सोडून बिदरला का आली, एवढेच मी विचारले. दोन दिवस घरात राजधानी कुठेच नव्हती.

तिसरा पक्ष होता चिरंजीवांचा. ते पुण्याला अभियंता आहेत. त्यांनी मोबाइलवर चित्रांची रांगच पाठवली. ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांनी मढवलेली घरे, दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्सची घरे. अमेरिकेत मिनेसोटात असलेल्या माझ्या पुतण्याने तर आपल्या घराचाच फोटो पाठवला. तिकडच्या घराला बाहेरून आडव्या फळ्यांचा पोशाख असतो. एकीवर एक अशा चढवलेल्या, कौलांसारख्या; म्हणजे पाणी एकीवरून दुसरीवर ओघळून जाते. त्याला ते ‘सायडिंग’ म्हणतात. मी कुतूहलाने त्याला फोनवर खोदखोदून विचारले. तिकडे बर्फ आणि शून्याखाली तीस अंशांची थंडी. भिंत म्हणजे लाकडी सांगाडा, आत उबेसाठी काचेच्या लोकरीची गादी, आणि त्या साऱ्याला ओल लागू नये म्हणून हा बाहेरचा अंगरखा. चांगले कारागीर फळ्यांच्या मागे हवा खेळायला जागा सोडतात. शिरलेले पाणी तिथून निथळून जाते. हल्ली पुष्कळ ठिकाणी फळ्याही लाकडाच्या नसून विनाइलच्या असतात. त्या स्वस्त, पण फार तापल्या की वाकतात. “काकू, तुमच्याकडच्या उन्हात माझे घर मेणासारखे होईल,” असे तोच हसत म्हणाला. त्याच्या घराचा अंगरखा त्याच्या हवेला शोभतो. आपल्या घराला तो घालायचा तर आधी आपले घर लाकडाचे हवे आणि आपले आकाश मिनेसोटाचे. मात्र फळीमागच्या त्या हवेच्या जागेची गोष्ट माझ्या मनात राहून गेली.

असे सगळे चालले असताना ह्यांनी एके दिवशी मनातली खरी गोष्ट बाहेर काढली. आळंदजवळच्या खेड्यातला आमचा जुना वाडा आता पडझडीला आला आहे. ढाळजेचे खांब वाळवीने खाल्ले, माळवद ठिकठिकाणी खचले. पण दर्शनी भिंतीचे काळे घडीव दगड मात्र तसेच आहेत. ह्यांच्या आजोबांनी वडारांकडून ते घडवून घेतलेले. टाकीचे ठोके अजून मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. “ते दगड आणून नव्या घराच्या तोंडाला लावू. वाडा गेला तरी त्याचे तोंड राहील,” ह्यांचा स्वर भरून आला होता.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले. म्हणाल्या, “ते दगड माझ्या डोक्याशी आणायचे नाहीत. आणायचे असतील तर मला आधी तिकडे वाड्यात नेऊन ठेव.”

त्यांचे माहेर किल्लारीच्या परिसरातले. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे उशिरा निजली. ३० तारखेच्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना धरणी हादरली. भूकंपाचा जोर सहाच्या थोडा वर. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी होतात. शिवाय हा प्रदेश त्या वेळच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणलेला. तो नकाशा पुढे २००२ मध्ये बदलला. पण त्या पहाटे हजारो माणसे गेली, आणि गेली ती भूकंपाने नव्हे, आपापल्या घरांच्या भिंतींनी. सासूबाईंची थोरली बहीण त्यांतली एक. हे आणि मोठे दीर दुसऱ्या दिवशी तिकडे पोचले. त्यांनी काय पाहिले ते आजवर कधी सांगितले नाही. सासूबाईंनीही विचारले नाही. मात्र त्या वर्षापासून अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या छपराखाली निजत नाहीत. अंगणात सतरंजी टाकून उजाडेपर्यंत बसून राहतात. भाड्याचे घर बदलले तरी हा नेम बदलला नाही.

चिरंजीव त्या वेळी दिवाळीच्या सुटीत घरी आले होते. त्यांनी कागद घेऊन आजीला आणि आम्हांला समजावले की त्या भिंती का पडल्या. मराठवाड्यातली आणि आमच्या सीमेकडची जुनी दगडी भिंत बाहेरून एक दिसते, पण असतात त्या दोन. एक बाहेरचे तोंड, एक आतले तोंड. मध्ये दगडगोटे आणि माती यांची भर. दोन-अडीच फूट जाडी, म्हणून ती भक्कम वाटते. उन्हाळ्यात घर थंडगार राहते तेही त्यामुळेच. पण दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे, आरपार जाणारे लांब दगड गवंड्याने जागोजागी घातलेले नसले, तर धक्का बसताच मधली भर खाली सरकते, पोट फुगते आणि दोन्ही तोंडे दोन दिशांना कोसळतात. मग वरचे मातीचे जड माळवद थेट निजलेल्या माणसांवर. असा आरपार दगड आडव्या अंगाने चार फुटांत एक आणि उभ्या अंगाने दोन फुटांत एक तरी हवा, असा आता संकेत आहे. म्हणजे जुना दगड वाईट नव्हता, मातीही वाईट नव्हती. तोंडाची आणि पोटाची गाठ बांधलेली नव्हती.

सासूबाईंनी सगळे ऐकले. त्यांनी कागदावरच्या दोन रेघांच्या मधल्या जागेवर बोट ठेवले आणि विचारले, “मग बाहेरून पट्टी लावायची म्हणजे पुन्हा दुसरे तोंडच की!”

आम्ही सारे शिकलेले लोक एकमेकांकडे पाहत राहिलो.

त्याच महिन्यात त्यांच्या म्हणण्याला एक पुरावा मिळाला. कलबुर्गीत आमच्या ओळखीच्यांनी तीन वर्षांपूर्वी मजलेदार घर बांधून पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत सुंदर टाइल्स लावल्या होत्या. परतीच्या पावसात त्यांतल्या सात-आठ एकदम सुटून खाली आल्या. नशिबाने खाली फक्त स्कूटर होती. आमचे मिस्त्री आमच्याबरोबर होते. मूळचे बिदरचे, वय सत्तरीच्या पुढे, तीन पिढ्यांची गवंडीकी. त्यांनी बोटाच्या पेराने उरलेल्या टाइल्स ठोकून पाहिल्या. काही ठिकाणी टणक आवाज येई, काही ठिकाणी रिकाम्या डब्यासारखा बदबद. “मागं पोकळ आहे, अक्का,” ते म्हणाले. “चार कोपऱ्यांना मालाचे ठिपके देऊन चिकटवल्यात.” उन्हाने टाइल वेगळी फुगते, मागची भिंत वेगळी, पोकळीत पाणी शिरते, ते पुन्हा तापते. वर्ष-दोन वर्षे दोघींची ही ओढाताण चालते आणि मग तोंड पोटाला सोडून देते.

मिस्त्रीच म्हणाले, “बिदरला चला. जुनी माणसं कशी बांधत ते आईंना दाखवू.” मला माहेरी जायला निमित्तच हवे होते. सासूबाईंनाही आम्ही आग्रहाने नेले.

बिदरमधला महमूद गवानचा मदरसा मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण भिंत म्हणून तो मी प्रथमच पाहिला. १४७२ मध्ये इराणी धर्तीवर बांधलेल्या या विद्यालयाचे दर्शनी अंग त्या काळी निळ्या, हिरव्या, पिवळ्या, पांढऱ्या झिलईच्या फरश्यांनी मढवलेले होते. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, झालेल्या दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला. राहिलेल्या भागावरच्या फरश्यांनाही काळाने आणि पावसाने पुष्कळ उतरवले. एका मनोऱ्यावर आणि दर्शनी भिंतीवर आज जे तुकडे उरले आहेत त्यांवरून मूळच्या वैभवाची कल्पना येते. इराणच्या कोरड्या हवेतली ती कला आमच्या उन्हापावसात किती टिकली आणि किती नाही, हे त्या भिंतीवर वाचता येते. फरश्या गेल्या तिथे खालची दगड-चुन्याची भिंत उघडी पडली आहे, आणि ती मात्र साडेपाचशे वर्षांनंतर उभी आहे.

तिथून आम्ही अष्टूरला गेलो. बहामनी सुलतानांच्या कबरी तिथे मोकळ्या रानात ओळीने आहेत. त्यांत हुमायूनशहाच्या कबरीवर वीज पडून घुमट कोसळला; राहिलेला भाग कापलेल्या फळासारखा उघडा आहे. आपण सहसा भिंतीचे तोंड पाहतो; इथे पोट दिसते. भिंत आरपार दगड-चुन्याने एकजीव झालेली. कुठे तोंड संपते आणि पोट सुरू होते ते सांगता येऊ नये. सासूबाई काठी टेकून बराच वेळ वर पाहत उभ्या होत्या. मला भीती वाटली, पडलेले छप्पर पाहून त्यांना तीच रात्र आठवेल. पण त्या म्हणाल्या, “अर्धे पडले, तरी अर्धे उभे आहे गं.” थोड्या वेळाने मिस्त्रींकडे वळून म्हणाल्या, “असे बांधता येईल का?”

“एवढं जाड नाही, आई,” मिस्त्री म्हणाले, “पण असं एकजीव बांधता येईल.”

निवाडा तिथेच झाला. चिरंजीवांनी गणित केले, मिस्त्रींनी हात लावला आणि आम्ही दोघांनी आपापल्या माहेर-सासरचा हट्ट थोडा थोडा सोडला. भिंत बिदरच्या लाल दगडाची. पण अंगरखा म्हणून नव्हे, तोच दगड भिंतीचे तोंड आणि तोच पोट. सारखे कापलेले ठोकळे, सांधे मोडून बसवलेले, चुना-सिमेंटच्या मिश्र मालात. जोत्याशी, खिडक्या-दारांच्या माथ्याशी आणि छपराखाली असे तीन काँक्रीटचे पट्टे साऱ्या घराभोवती फिरवले. कोपऱ्यांत पायापासून छतापर्यंत उभ्या सळ्या. चिरंजीव आजीला म्हणाले, “पेटाऱ्याला लोखंडी पट्ट्या मारतात ना, तसे.” ही उपमा त्यांना पटली. त्यांच्या लग्नातला पेटारा अजून शाबूत आहे.

शहाबादीलाही मान मिळाला. खिडक्यांवरचे छज्जे, भिंतींच्या माथ्यावरची झाकणी आणि भिंतीच्या पायथ्याशी पागोळ्यांचे पाणी जिथे उसळते तिथली पट्टी तिची. तिथे पाणी पडते आणि निघून जाते, आणि ती मुळी पाण्यातच जन्मलेली. आजोबांचे काळे दगडही आले. ते कोणाच्या डोक्याशी नाहीत, पायाखाली आहेत. अंगणाची फरसबंदी आणि तुळशीवृंदावन त्यांचे झाले. टाकीचे ठोके आता पावलांना लागतात. हे रोज सकाळी तिथे अनवाणी फिरतात. वैशाखातही, मात्र सूर्योदयापूर्वी.

राहिली पश्चिमेची भिंत. तिच्यासाठी पुतण्याच्या फळीमागच्या हवेची आठवण उपयोगी पडली. त्या बाजूला आम्ही सहा फूट रुंद पडवी काढली आणि वर कौले घातली. ऊन पडवीवर पडते, पडवी आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळतो. भिंतीला बाहेरून चुन्याचा गिलावा दिला. सिमेंटचा का नाही, असे पुष्कळांनी विचारले. जांभा सच्छिद्र, तो ओल घेतो आणि सोडतो. त्याच्यावर सिमेंटचा घट्ट लेप बसवला की आत गेलेली ओल कोंडते आणि लेप पापुद्र्याने सुटतो. चुना मात्र दगडाबरोबर श्वास घेतो. भट्टीत भाजताना चुनखडीतून जी हवा निघून जाते, तीच हवा भिंतीवर बसलेला चुना वातावरणातून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला घाई चालत नाही. पूर्वी बैलाच्या घाणीत चुना, वाळू आणि विटांची सुर्खी दळत. गूळ, हिरडा घालत. आम्हांला घाणी कुठली मिळणार? पण मिस्त्रींनी चुना खड्ड्यात भिजवून महिनाभर मुरवला, सुर्खी कुटवून घेतली आणि हिरड्याचे पाणी घातलेच. गिलावा थंडीच्या दिवसांत केला. त्यावर गोणपाट लावून दोन आठवडे मी स्वतः पाणी शिंपडत होते. शेजारच्या वहिनींनी विचारले, “भिंतीला ताप आलाय का हो?”

घर बांधून झाल्यावर बघायला आलेले अनेकजण बाहेरूनच विचारीत, “प्लास्टर कधी करणार?” लाल दगड उघडा दिसला की घर अर्धवट राहिले असेच त्यांना वाटते. पैसे संपले असावेत, असेही काहींनी हळू आवाजात म्हटले. तेही अगदीच खोटे नव्हते.

आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे सरले आहेत. सारे छानच झाले असे म्हणणार नाही. उत्तरेच्या बाजूला दगडावर शेवाळ धरते. काही ठोकळ्यांत पांढरट मातीचे गोळे होते, ते पावसाने धुऊन जाऊन अंगठा जाईल एवढी भोके पडली. एका भोकात चिमण्यांनी संसार मांडला. निवडताना ते ठोकळे बाजूला काढायला हवे होते, ही आमची चूक. पश्चिमेच्या भिंतीला दर दिवाळीपूर्वी चुन्याचा हात द्यावा लागतो. पण वैशाखाच्या दुपारी बाहेरच्या भिंतीवर हात ठेववत नाही तेव्हा आतल्या बाजूला गाल टेकता येतो. जाड भिंतीतून ऊन आत यायला इतका वेळ लागतो की ते पोचेपर्यंत रात्र होते, आणि मग आम्ही खिडक्या उघडतो.

गृहप्रवेश २०२३ च्या वैशाखात झाला. त्या वर्षी भूकंपाला तीस वर्षे पूर्ण होत होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री मी न बोलता सासूबाईंची सतरंजी अंगणात घातली. त्या काळ्या दगडांवर बसल्या. “हे वाड्याचे ना?” एवढेच विचारून त्यांनी दगडावरून हात फिरवला. पुष्कळ वेळ मीही जवळ बसले. बोललो काहीच नाही. पौर्णिमेला आलेला चंद्र होता, ढग येत-जात होते. मग माझा डोळा लागला असावा.

पावसाच्या थेंबांनी जाग आली तेव्हा शेजारची सतरंजी रिकामी होती. मी घाबरून आत धावले. सासूबाई आपल्या खोलीत पलंगावर निजल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, एक तळहात लाल दगडावर टेकवून. घड्याळात चार वाजून गेले होते. मी दार लोटून घेतले आणि चहाला आधण ठेवले.